आधी बदलून, मग भवानी

एका जंगलात एक खार राहत होती, आणि नुसती राहत नव्हती, तर शेंगा विकत होती. मोहाच्या मोठ्या झाडाखाली रोज बाजार भरायचा. कोल्हा मध विकायचा, साळिंदर कंद विकायचं, कावळा बोरं विकायचा, आणि एका कोपऱ्यात ही आपली खार. बाजाराचा अध्यक्ष अर्थात कोल्हा. त्याला कुणी निवडलं होतं ते विचारू नका, तो आधीपासूनच होता.

आता या बाजाराचा एक नियम होता, तो ऐकूनच डोकं फिरतं. भवानी होईपर्यंत, म्हणजे सकाळची पहिली विक्री होईपर्यंत, कुणाला माल बदलून द्यायचा नाही. अपशकुन होतो म्हणे. बरं, एवढंच असतं तरी चाललं असतं. पण एक सशीण कोल्ह्यानेच विकलेला, पाणी घातलेला मध घेऊन सकाळी त्याच्याकडे गेली, तर तो म्हणाला, "अगं, अजून भवानी व्हायचीय, नंतर ये." दुपारी गेली, तर म्हणाला, "आत्ता कुठे गिऱ्हाईक लागलंय, मध्ये मोडता घालू नकोस." संध्याकाळी गेली, तर, "बाजार उठला की गं, आता सकाळीच ये." आणि सकाळी? सकाळी भवानी व्हायचीय. सांगा आता, बिचारीने मध बदलून घ्यायचा तरी कधी?

एकदा भल्या सकाळी एक हरिणी खारीकडे आली. "खारूताई, कालच्या शेंगा किडक्या निघाल्या गं." खारीने एक शेंग फोडली. आत खरंच अळी वळवळत होती. "माझंच चुकलं, बघून द्यायला हव्या होत्या," खार म्हणाली, आणि तिने चांगल्या शेंगा निवडून हरिणीला दिल्या. बस्स, एवढंच झालं. पण बाजारात असा काही गहजब उडाला, की जणू झाडच कोसळलं.

"गेला, आजचा दिवस गेला," कावळा म्हणाला.

साळिंदराने काटे फुलवले. "तुझी नाही तर नाही, आमची भवानी कशाला बुडवतेस?"

"आणि ती अळी तिच्या पोटात गेली असती, तर काय शकुन झाला असता?" खारीने विचारलं.

तेव्हा मग कोल्हा अगदी मऊ आवाजात बोलला. "खारूताई, तू बाईमाणूस, धंद्यातलं तुला कळत नाही, त्यात तुझा दोष नाही. पण उद्यापासून तू जरा तिकडे ओढ्याकाठी बस."

ओढ्याकाठी सकाळी दव, दुपारी ओल. शेंगांना बुरशी धरायला लागली. निम्म्या शेंगा फेकून द्याव्या लागायच्या. ढोलीत पिल्लं होती, आणि त्यांच्यासाठी थंडीची बेगमी म्हणून ठेवलेल्या शेंगाही आता विकायला काढाव्या लागल्या. एकदा ती वैतागून स्वतःशीच म्हणाली, "त्या दिवशी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?" तेवढ्यात एक मुंगूस ओली शेंग घेऊन आलं. तिने डोक्याला हात लावला, आणि बदलून दिली.

पण झालं काय, की ही गोष्ट हरिणीने हरणांना सांगितली, मुंगसाने मुंगसांना सांगितली. गिऱ्हाइकं मोहाच्या झाडाखालून यायची, कोल्ह्याला रामराम करायची आणि सरळ ओढ्याकडे जायची. झाडाखाली दुपार झाली तरी कुणाची भवानी होईना. त्यात साळिंदराने कावळ्याला दिलेला कंद नासका निघाला.

"बदलून दे बाबा, घरी पिल्लं ओरडतायत," कावळा म्हणाला.

"भवानी व्हायचीय, कावळेदादा."

"ती कधी होणार?"

"गिऱ्हाईक आलं की."

"गिऱ्हाईक तर सगळं ओढ्याकाठी आहे."

मग कावळ्याने नासका कंद तसाच परत उचलला. स्वतःच केलेला नियम, बोलणार कुणाला?

शेवटी कोल्हा ओढ्यावर गेला. "खारूताई, झालं गेलं विसर. झाडाखाली ये, अगदी मधोमध बस. अध्यक्षही तूच हो. फक्त ते सकाळी सकाळी बदलून देणं तेवढं बंद कर."

खारीने ओल्या शेंगांच्या ढिगाकडे बघितलं. झाडाखाली कोरडी जागा होती, ऊन होतं. पिल्लांची थंडी निघाली असती. "येते," ती म्हणाली, "पण उलटं करू. सकाळी आधी ज्याचा माल खराब निघाला त्याला बदलून द्यायचं, मग विक्री. माझ्यापासून सुरुवात."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर मी इथेच आहे. शेंगा पुरतील तोवर." आणि ती बुरशी धरलेल्या शेंगा बाजूला काढायला लागली.

"हट्टी बाई," असं पुटपुटत कोल्हा परत गेला. पण दुसऱ्या दिवशी कावळ्याने आपली बोरं उचलली आणि खारीच्या शेजारी येऊन बसला. "सरक जरा," एवढंच म्हणाला. त्याच्यामागून साळिंदर आलं, आणि आल्या आल्या त्याने पहिला एक चांगला कंद कावळ्यापुढे ठेवला. मोहाच्या एवढ्या मोठ्या झाडाखाली कोल्हा एकटा उरला. दुपारपर्यंत त्याने कळ काढली. मग तिथूनच हाक मारली, "या रे सगळे. आणि खारूताई, तू म्हणतेस तसंच होऊ दे."

दुसऱ्या दिवशी बाजार झाडाखाली भरला. सगळ्यात आधी कोण यावं? तीच सशीण, पाणचट मधाचा द्रोण घेऊन. सवयीने कोल्ह्याच्या तोंडातून निघालंच, "अगं, अजून भवानी..." आणि तो थांबला. अख्खा बाजार त्याच्याकडे बघत होता. खार शेंगा निवडत राहिली. कोल्ह्याने एक मोठा उसासा टाकला, जुना मध ओतून दिला आणि द्रोणात घट्ट, सोनेरी मध भरला.

सशिणीने बोट बुडवून चाखलं. तिचे कान ताठ झाले. "आज गोड आहे," ती म्हणाली.

तेव्हा कुठे खारीने मान वर केली. "झाली बघा तुमची भवानी, कोल्होबा."

तात्पर्य : जो आपली चूक आधी निस्तरतो, त्याला पुढारीपण मागावं लागत नाही, बाजार आपणहून त्याच्या शेजारी येऊन बसतो.