देवराई बंद ठेवण्याचा अर्ज

"आबा, ही देवराई आहे की मंडई?"

सबनीस सर राईतून तरातरा बाहेर आले ते असं विचारतच. राणोबा गुरव हद्दीच्या दगडांपाशी उकिडवे बसले होते. लोकांनी काढून टाकलेल्या चपला ते जोडीजोडीनं लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं मास्तर?"

सबनीस वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बारा वर्षं दर महिन्याला या राईत येत. झाडांची शास्त्रीय नावं त्यांना पाठ होती, पण झाडापाशी गप्प कसं बसावं हे त्यांना राणोबाआबांनी शिकवलं. आबांच्या चार पिढ्या या राईच्या राखणीत गेल्या. सर त्यांना गुरू मानत. आणि आपल्यासारखा शिष्य आबांना दुसरा मिळालेला नाही, असंही मनातल्या मनात मानत.

दुखण्यामुळे गेलं वर्षभर त्यांना येता आलं नव्हतं. तेवढ्यात राईभोवती निसर्ग उद्यान झालं, रस्ता झाला. आज शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी. अर्धा जिल्हा लोटला होता. सरांना गाडी मैलभर अलीकडे लावून, धक्के खात चालत यावं लागलं होतं.

"झऱ्यापाशी बसायला जागा नाही," सर म्हणाले. "माझ्या जागेवर कुणीतरी डबा उघडून बसलंय. थालीपीठ खातायत, आबा."

"मग?"

"मग काय... ही जागा यांच्यासाठी नाही."

सरांनी खिशातून कागद काढला. गर्दीचं ऐकून घरूनच टाइप करून आणलेला अर्ज होता. सुट्टीच्या दिवशी राई सर्वसामान्यांना बंद ठेवावी, फक्त अभ्यासकांना सोडावं. आबांच्या शब्दाला वनखात्यात वजन होतं. त्यांची सही झाली की काम झालंच.

आबांनी अर्ज घेतला, घडी घातली आणि शेजारच्या दगडाखाली ठेवला.

"लई आरडत्यात व्हय लोकं?"

"पावलापावलाला. आई गं, उई गं... एक बाई तर झऱ्यापर्यंत विव्हळत गेली. नुसती नाटकं."

"वाटंला खडं हायती."

"असतील."

"काटंबी हायती. करवंदीचं."

"असतील की, आबा. जंगल आहे."

आबांच्या हातात एका लहान पोराची चप्पल होती, पट्टा तारेनं बांधलेली. तिची जोडी ढिगात सापडत नव्हती. ती शोधता शोधता त्यांनी सहज विचारलं,

"तुमाला न्हाई टोचलं?"

"छे, मला कुठं..."

सर थांबले.

त्यांनी खाली पाहिलं. नवेकोरे, जाड तळाचे बूट. त्यांना झऱ्याकाठचा चिखल लागला होता.

बारा वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, आबांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. पायतान भायेर. तेव्हापासून सर कधी चुकले नव्हते. आज मात्र चपलांचा हा ढीग पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं, "काय ही गर्दी" असं पुटपुटत तो ओलांडला होता आणि तसेच बुटांनिशी थेट झऱ्यापर्यंत गेले होते.

राईतून बाहेर येणाऱ्या एका मुलीनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं. तिच्या टाचेतून रक्त येत होतं. ती नजर वळवून पुढं गेली. तिनं चार शब्द सुनावले असते तरी सरांना बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

ते मटकन खाली बसले. नाड्यांच्या गाठी सुटेनात. आबांनी स्वतःच वाकून गाठी सोडवल्या. गुरूचे हात आपल्या बुटांना... सरांनी डोळे मिटून घेतले. आबांनी ते बूट रांगेत लावले. एका बाजूला कुणाच्या तरी रबरी सपाता होत्या, दुसऱ्या बाजूला कॅनव्हासचे फाटके बूट.

सरांनी हात पुढं केला. आबांनी अर्ज दिला. सरांनी तो फाडला, आणि तुकडे इकडेतिकडे पडू नयेत म्हणून खिशात कोंबले.

"आबा, मला लाज वाटते," ते म्हणाले. "तुमच्यापुढं उभं राहायची माझी लायकी नाही. मी जातो. पुन्हा या राईत पाऊल टाकणार नाही."

आबांना तेवढ्यात त्या पोराच्या चपलेची जोडी सापडली. ती त्यांनी नीट शेजारी ठेवली.

"म्हंजी मास्तर, अजून येगळंच ऱ्हायाचं?"

सर मोजे काढून उठले.

ते हद्दीच्या दगडांपाशी उभे राहिले. वर्षभर अंथरुणात राहून पावलं पांढरी, मऊ झाली होती. पहिलाच खडा टोचला आणि त्यांच्या तोंडून नकळत "आई गं" निघालं.

आबांनी प्रथमच मान वर केली.

"जावा आत. आज गर्दी हाय, कुनाचं ध्यान जायाचं न्हाई."