रिकामी वाटी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा शेजारी वाटीभर काही पाठवलं, तर ती वाटी रिकामी परत येत नसे. घरात काही नसलं, तरी चिमूटभर साखर यायचीच. आता कुठली ती माणसं आणि कुठल्या त्या वाट्या!

अशा काळी एका गावात एक गरीब बाई एकटीच राहायची. तिच्या हातच्या कुरडया कढईत पडताच थाळीभर फुलायच्या. पण घराचं छप्पर गळकं होतं. पावसाळ्याआधी ते शाकारलं नाही, तर तिच्या कुरडयांचे गहूच भिजणार होते.

गावच्या धर्मशाळेत बारा गावचं पाणी प्यायलेली एक म्हातारी व्यापारीण उतरली होती. ती गरीब बायांना जमवून धंदा शिकवायची. माल कसा मांडावा, भाव कसा सांगावा, सगळं आमच्या बाईने मन लावून ऐकलं. भाव तर तिने घोकून पाठ केला.

कुरडयांची पाटी घेऊन ती बाजारात बसली, तर सगळ्यात आधी आली ती शेजारीणच. तिने "किती द्यायचे गं?" म्हणताच हिला घोकलेला भाव सांगवेना!

"राहू द्या हो वहिनी, तुमच्याकडून काय घ्यायचं?"

मग मावशी आली, मग मावशीची जाऊ. दुपारी पाटी रिकामी आणि पदरात काहीच नाही.

बाई रडतच धर्मशाळेत गेली. "आजी, आपल्याच माणसांपुढे हात कसा पसरू?"

म्हातारीने विचारलं, "तुझी आई शेजारी वानोळा पाठवायची ना? वाटी कशी परत यायची?"

बाईला आईचं अंगण आठवलं. खाटेवर वाळणाऱ्या कुरडया, चीक खायला जमलेली पोरं, आणि परत आलेल्या वाटीतली साखर लेकीच्या तळहातावर ठेवणारी आई. तिचे डोळे भरून आले.

"भरूनच यायची. रिकामी द्यायला शेजारीण लाजायची."

"मग आज तू सगळ्यांना वाटी रिकामीच परत करायला का लावलीस?"

पुढचा बाजार पावसाआधीचा शेवटचा. शेजारीण दुरूनच घुटमळत होती. बाईनेच तिला हाक मारली. एक कुरडई तिच्या हातावर ठेवून ती म्हणाली, "वहिनी, ही एक वानोळ्याची. पाटीतल्यांचा मात्र भाव आहे." आणि तिने तो सांगितला.

शेजारणीचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई! मागच्या खेपेला तू घेतलंच नाहीस, म्हणून आज यायचीच लाज वाटत होती."

छप्पर शाकारलं गेलं. पुढे त्याच छपराखाली ती नव्या बायांना धंदा शिकवू लागली. पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या तळहातावर ती चिमूटभर साखर ठेवायची आणि आईची आठवण सांगायची.

तात्पर्य एवढंच: प्रेमाने जरूर द्यावं, पण आपल्या कष्टाचं मोल मागायला लाजू नये, आपली माणसं ते आनंदाने देतात.