तोडीचा गडी

"म्हणजे लढती मोजायच्याच नाहीत का, वस्ताद?"

इंद्रजितने विचारलं, आणि त्याचा आवाज जरा चढलाच.

दौलत वस्तादांनी मान वर केली नाही. खंडेनवमीचा दिवस. सुतार करवत पुजतो, शिंपी मशीन पुजतो. खडकीच्या या बॉक्सिंगच्या आखाड्यात ग्लोव्हज पुजतात. वस्ताद एकेका जोडीला हळदकुंकू लावत होते.

पूजा झाली की नारळ फोडायचा, आणि तो आखाड्यातल्या सगळ्यात मोठ्या बॉक्सरने, ही इथली रीत. एकदा हा मान मिळाला की माणूस जन्मभर ताठ मानेने चालतो. इंद्रजितला तो हवा होता. अगदी जिवापाड हवा होता.

आणि का नसावा? काय त्याचा उजवा हात! नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत लढला. पन्नासच्या वर लढती, आणि हार म्हणून ठाऊक नाही.

पण यंदा लोक याच आखाड्यातल्या आल्बर्टचं नाव घेत होते. त्याच्या लढती जेमतेम डझनभर, त्यातल्याही निम्म्या हरलेल्या. मात्र लढला तो एकाहून एक वाघांशी.

"सांगा ना, वस्ताद. माझ्या पन्नास मोठ्या, की त्याच्या डझनभर?"

वस्तादांनी कुंकवाची वाटी खाली ठेवली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण वाकून दोऱ्यांमधून झटक्यात रिंगमध्ये शिरला.

"ये. मार मला."

"काहीतरीच काय, वस्ताद!"

"मार म्हणतो ना!"

इंद्रजितने नाइलाजाने त्यांच्या खांद्याला नुसती बोटं टेकवली. वस्ताद धाडकन आडवे! डोळे मिटून, पडल्या पडल्याच म्हणाले, "मोज दहापर्यंत. आणखी एक जिंकलास."

सगळा आखाडा खो खो हसला. इंद्रजितचे कान तापले.

"ही कसली लढत? समोर कोण उभा आहे ते नको का बघायला?"

"असं म्हणतोस..." वस्ताद उठून बसले. "मग मान आल्बर्टचा."

गेला की हातातोंडाशी आलेला घास! आपलीच जीभ चावावी असं इंद्रजितला झालं.

वस्ताद आल्बर्टकडे वळले. "काय रे, तुला भेटलेला सगळ्यात मोठा गडी कोण?"

"खरमाटे हवालदार," आल्बर्टला विचार करावा लागला नाही. "पहिल्या खेपेला मला असा तुडवला, वस्ताद, की भाकरी चावता येईना. संध्याकाळी स्वतःच दूध घेऊन आला. म्हणाला, 'डावा मारताना हनुवटी उघडी टाकतोस, येड्या.' मग रोज बोलावून शिकवत राहिला. पुढल्या साली फायनलला मी त्यालाच पाडलं..."

"मग?"

"पडल्या जागी हसत होता. आईशप्पथ!"

वस्तादांनी त्या न पाहिलेल्या माणसाला हात जोडले.

"नारळ खरमाट्यांच्या नावाने फोड."

आल्बर्टने फोडला. खोबरं वाटलं गेलं. इंद्रजितच्या हातावरचा तुकडा तसाच राहिला.

"पण तो तर हरला, वस्ताद!"

"हरला खरा..."

"आणि मला तसा तोडीचा गडी मिळालाच नाही. जो आला तो दोन फेऱ्यांत झोपला. यात माझा काय दोष?"

वस्ताद जवळ आले. त्याचा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटसुलट करून कौतुकाने बघत राहिले.

"दोष कसला, पोरा... असा हात मी उभ्या जन्मात पाहिला नाही. याच्या तोडीचा गडी तुला आयता कुठून मिळणार?"

वस्तादांनी त्याचा हात सोडला आणि आखाड्यातल्या पोरांकडे बोट दाखवलं.

"एक तयार कर. ज्या दिवशी तो तुला पाडील, त्या दिवशी ये... नारळ तुझा."