मोकळी जागा पाहणारी हिरा

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मुलींचा रग्बीचा संघ होता. रग्बीचा चेंडू लांबट असतो. तो हाताने पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो. पुढे जायचं तर चेंडू छातीशी धरून धावायचं, नाहीतर पायाने लांब मारायचा.

संघाची कप्तान होती शेवंता पाडवी. धावायला लागली की तिला अडवायला दोघी-तिघी लागत. गावाला तिचं भारी कौतुक होतं.

तिच्याच संघातली हिरा वळवी धावण्यात बेताची होती. पण समोरच्या मुली अंगावर आल्या की त्यांच्या मागचं मैदान मोकळं पडतं, हे तिला चटकन दिसे. ती चेंडू नेमका तिथे मारी. मग समोरच्यांना पाठ फिरवून मागे पळावं लागे आणि हिराच्या संघाला पुढे सरकायला वाव मिळे. संघातल्या दमलेल्या मुली तेवढ्यात श्वासही घेत.

शेवंताला हे पटत नसे. धक्के खाऊन मिळवलेला चेंडू आपणहून सोडायचा, हे तिला भित्रेपणाचं वाटे.

एका सामन्यात हिराने मारलेला चेंडू आखूड पडला. समोरच्या मुलीने तो झेलला आणि थेट गुण केले. सामना कसाबसा जिंकला, तरी शेवंताचा राग गेला नाही. परतताना जीपमध्ये ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिराला कुणी अंगावर आलेलं सोसत नाही. चेंडू टाकून मोकळी होते."

"टाकत नाही, ताई. जागा बघून मारते," हिरा म्हणाली.

"जागा बघतेस की पळवाट?"

मुली हसल्या. हिरा खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या सीटवर प्रशिक्षक गावित सर होते. त्यांना शेवंताचं बोलणं आवडलं नाही. उद्या तिला समजावू, असं मनाशी म्हणून ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच कामात गुंतले आणि बोलणं राहून गेलं.

त्यानंतर हिरा सरावात चेंडू क्वचितच मारू लागली. मिळाला की छातीशी धरून धावे आणि धक्के खाऊन खाली पडे. शेवंताला वाटलं, पोरगी सुधारली.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात समोरचा संघ अंगाने दांडगा होता. तरीही शेवंताच्या संघाने थोडीशी आघाडी घेतली. शेवटची काही मिनिटं उरली होती. सगळ्या दमून गेल्या होत्या आणि खेळ त्यांच्याच रेषेजवळ अडकला होता. अशा वेळी चेंडू हिराच्या हातात आला.

समोरच्या सगळ्या मुली पुढे सरसावल्या होत्या. त्यांच्या मागे अख्खं मैदान रिकामं होतं. आज पहिल्यांदाच शेवंतालाही ते दिसलं.

"हिरा, मार," ती ओरडली.

हिराने मान वर करून ती जागा पाहिली. मारण्यासाठी चेंडू पुढेही धरला. मग तो पुन्हा छातीशी घेतला आणि ती धावली. तिघी एकदम तिच्यावर आदळल्या. चेंडू निसटला. समोरच्या एकीने तो उचलून रेषेपलीकडे टेकवला आणि गुण मिळवले. सामना गेला. सगळ्या उठल्या, पण हिराला उठता येईना. तिचा गुडघा मोडला होता.

काही दिवसांनी शेवंता तिच्या घरी गेली. हिरा पाय लांब करून ओट्यावर बसली होती.

"माझा आवाज आला नव्हता का?" शेवंताने विचारलं.

"आला होता."

"आणि मागची जागा?"

"तीही दिसली होती."

"मग मारला का नाहीस?"

हिरा म्हणाली, "तुम्ही सगळ्या बघत होतात, ताई. पुन्हा हसाल असं वाटलं."

शेवंताची मान खाली गेली. तिने माफी मागितली. "असू दे," हिरा म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. पण गुडघा काही पहिल्यासारखा झाला नाही. ती चालू लागली, मैदानात मात्र परत उतरली नाही.

पुढच्या हंगामात शेवंताने दुसऱ्या मुलीला चेंडू लांब मारायला शिकवायला घेतलं. गावित सरही रोज थांबून समजावत. मुलगी मेहनती होती, पायात जोरही होता. पण कधी मारायचं आणि कुठे, हे तिला सांगावं लागे. सांगून होईपर्यंत समोरच्या मुली ती जागा भरून काढत.

तात्पर्य: हातातलं वेळेवर सोडून द्यायलाही धैर्य लागतं. त्याला भित्रेपणा म्हणून हसलं, की ज्याला वाट दिसते तोही ती धरायला कचरतो आणि नुकसान सगळ्यांचं होतं.