आमोसरावांची प्रार्थना

मार्थाबाई गावोगाव श्रद्धा जागवणाऱ्या उज्जीवन सभा घ्यायच्या आणि दारूत बुडालेली घरं वर काढायच्या. यंदा सभेचा तंबूच फाटला, म्हणून त्यांनी चर्चच्या मंडळीकडे प्रार्थना आणि पैसा दोन्ही मागितलं. ठेकेदार आमोसराव दरवर्षीसारखे रुबाबात उठले. "पैशाचं काय घेऊन बसलात? मी प्रार्थना देतो. रोज पहाटे, गुडघ्यांवर!"

कापणीच्या सणाला चर्चमध्ये अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला, तंबूसाठीच. दुधीभोपळा दोनशेला गेला, कोंबडी हजाराला. मग मार्थाबाई म्हणाल्या, "आता आमोसरावांनी दिलेली प्रार्थना. बोला!"

आमोसराव भडकले. "प्रार्थनेचा कुठं लिलाव असतो?"

"भोपळ्याला बोली लागली, अन् तुमच्या प्रार्थनेला लागू नये? देवाला काय वाटेल?"

मागून रिबकाआजी ओरडल्या, "एक रुपया! पण रोज पहाटे माझ्या अंगणात येऊन करायची. मी जागीच असते."

"दोन रुपये!" आजींची शेजारीण म्हणाली. "माझं अंगण फरशीचं आहे."

मंडळी खो खो हसली. आमोसराव घाईघाईनं ओरडले, "पाच हजार! माझी मीच घेतो."

"दिली!" मार्थाबाई म्हणाल्या. "न्या घरी. आणि यंदा करूनही बघा."