शुभारंभाचं घमेलं

वाचनालयाचं गळकं छप्पर दुरुस्त करून देतो, असं आमदार दौलतराव खराडे दर निवडणुकीत सांगायचे. शेवटी ग्रंथपाल कुमुदताईंनीच गवंडी बोलावला. लगेच आमदारांचा निरोप आला, "पहिला माल मीच लावणार. फोटोग्राफरला घेऊन नऊला येतो."

नुसतं सिमेंट कडक होऊन जुनी कौलं फोडतं, म्हणून गवंड्याने त्यात चुना घालून माल कालवला. नऊ वाजले, दहा वाजले, तरी आमदारांचा पत्ता नाही. माल आवळायला लागला तशा कुमुदताई म्हणाल्या, "चढा वर!" गवंड्याने कौलांचे सांधे भरून टाकले. उरलेला माल घमेल्यात तसाच राहिला.

आमदार उगवले दुपारी, गळ्यात हार घालूनच. कॅमेऱ्याकडे बघून हसत त्यांनी घमेल्यात थापी घातली. ती खणकन वाजली.

"अहो, याचा तर दगड झालाय! पाणी ओता, पुन्हा कालवा!"

"नाही चालत, साहेब," कुमुदताई म्हणाल्या. "माल एकदा घट्ट झाला की पाणी ओतून ताजा होत नाही. ती सोय फक्त तुमच्या आश्वासनांना आहे."