उलटी टांगलेली कोरफड

माणसं एकमेकांच्या नजरेला फार भीत, त्या काळची ही गोष्ट. नजर लागू नये म्हणून हौसाक्कानं आपल्या फळांच्या दुकानात एक कोरफड उलटी टांगली होती. मातीपाण्यावाचून ती बापडी नुसत्या हवेवर जगायची.

अक्का रोज तिचं एक पान कापायची, कडू चीक निथळू द्यायची आणि आतला गर पेरूंना चोळायची. मग पेरू सुरकुतायचे नाहीत, आठवडाभर कालच तोडल्यासारखे दिसायचे.

"ही कडू बया आमच्या डोक्यावर कशाला?" पेरू नाकं मुरडायचे. कोरफड ऐकून घ्यायची. आज ना उद्या अक्का खरं सांगेल, अशी तिला आशा होती.

एकदा गिऱ्हाइकानं विचारलंच, "अक्का, तुमचे पेरू एवढे टिकतात कसे हो?"

कोरफडीनं कान टवकारले.

"आमच्या पेरूंची जातच तशी हाय!" अक्का म्हणाली. गिऱ्हाईक वळताच तिनं कोरफडीचं शेवटचं पान कापलं, उरलेला बुडखा सडक्या फळांच्या पाटीत फेकला आणि नवी कोरफड टांगली.

"आजी, इथं काम काय असतं?" नवीनं वरून विचारलं.

"पेरूंना ताजं ठेवायचं," पाटीतून बुडखा म्हणाला, "आणि त्यांच्या जातीचं कौतुक उलटं लटकून ऐकायचं."